आधी पाणी मागा

या महिन्यात पत्रांचा गठ्ठा उघडला आणि निम्म्याहून जास्त पत्रं शेजाऱ्यांबद्दलच निघाली. कुणाला शेजारी हवाय, कुणाला नको झालाय. तीन पत्रं निवडली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी महापालिकेच्या दवाखान्यातली निवृत्त नर्स. परळ, नायगाव, शिवडी, वरळी या भागांत लोकांची दारं वाजवण्यात नोकरी गेली. त्यामुळे उत्तरं पुस्तकातली नसतील.

प्रश्न : ताई, वरळीच्या बीडीडी चाळीत मी सून म्हणून आले आणि तिथेच सासू झाले. आता चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये आलोय. सोडतीत चौतिसावा मजला लागला. घर मोठं आहे, संडास घरात आहे, उजेड आहे, तक्रार कशाचीच नाही. पण आमच्या पॅसेजमधल्या बायका वर-खाली विखुरल्या. इथले समोरचे लोक बीडीडीतलेच, पण दुसऱ्या चाळीतले. दार लावून बसतात. मी दार उघडं ठेवलं की सून येऊन लावते. दुपार खायला उठते. काय करू?
— एक आजी, वरळी

उत्तर : तुम्ही माझ्याच वयाच्या असाल, म्हणून वहिनी म्हणते. वहिनी, तुमच्या चाळी मी खालपासून गच्चीपर्यंत चढले आहे. मधे लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. तळमजला आणि वर तीन मजले, म्हणजे एका चाळीत ८० बिऱ्हाडं. प्रत्येक मजल्यावर सामाईक संडास. १९२० च्या दशकात इंग्रज सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं, म्हणजे बीडीडीनं, बांधलेल्या त्या इमारतींमध्ये शेजाऱ्याला टाळायचं ठरवलं तरी जमलं नसतं. पाण्याची वेळ एकच, संडासाची रांग एकच, पापड वाळत घालायला गच्ची एकच. दिवसातून दहादा समोरासमोर यायचात, त्यातून ओळख व्हायची आणि भांडणंही व्हायची. बादली पुढे सरकवण्यावरून झालेल्या मारामारीत फुटलेली डोकी आमच्याच दवाखान्यात यायची, हे विसरू नका. चाळीत सगळे एकमेकांवर फार प्रेम करायचे असं आता जो तो सांगतो. मला ते पूर्ण पटत नाही. प्रेम होतं, पण त्याला सक्तीचा टेकू होता.

नव्या ४० मजली इमारतीत ५०० चौरस फुटांत नळ, मोरी, संडास सगळं आत आलं. बाहेर पडायचं कारणच उरलं नाही. माणसं तीच आहेत हो. समोरच्या बाईंनाही दुपार जात नसणार. तुम्ही त्यांच्या बंद दाराकडे बघताय, त्या तुमच्या.

आता जरा सुनेची बाजू घेते. त्या १६० फुटांत नवी नवरी कशी झोपते, रडू आलं तर कुठे जाते, हे मी खूप ऐकलंय. कुटुंबनियोजनाच्या गोळ्या घरात कुठे लपवायच्या, असं बायका मला कुजबुजत विचारायच्या. तुमच्या पिढीनं ते सोसलं. तिला पहिल्यांदा स्वतःच्या दाराला कडी लावायला मिळतेय, लावू द्या. शिवाय पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसाल तर उद्या आगीच्या नियमावरून कुणीतरी बोलेल, आणि बरोबरच बोलेल. दाराची लढाई सोडून द्या.

मग करायचं काय? काहीतरी मागायला जा. द्यायला जाऊ नका, मागायला जा. हे मी पल्स पोलिओच्या फेऱ्यांत शिकले. रविवारी बूथ असायचा, आणि तिथे न आलेल्या पोरांसाठी सोमवारपासून आम्ही घरोघरी. बाई जाळीच्या आडून म्हणायची, "बाळ झोपलंय, नंतर या." आपण डोस फुकट द्यायला आलोय, हे सांगून कडी निघत नसे. मग मी म्हणायचे, "बरं, नंतर येते. घोटभर पाणी मिळेल का?" तहान असो वा नसो. पाण्याला कुणी नाही म्हणत नाही. कडी निघायची, पेला यायचा, पेला तोंडाला लावता लावता "कितवा महिना याला?" विचारून व्हायचं, आणि पाच मिनिटांत बाळ मांडीवर. तुम्ही लाडू घेऊन गेलात तर समोरची बाई अवघडेल, आता हिला परत काय द्यायचं म्हणून. "माझं विरजण बिघडलंय, चमचाभर द्याल का?" म्हणालात, तर देणारी ती. तिचा हात वर. दुसऱ्या दिवशी दही कसं लागलं हे सांगायला जाता येतं ते वेगळंच.

दुसरं, एक वेळ आणि एक जागा धरा. साडेपाचला खाली उतरायचं, एकाच बाकावर बसायचं, आणि हातात काम ठेवायचं. लसूण सोला, फुलवाती वळा, मेथी निवडा. मोबाइल हातात असलेल्या बाईशेजारी कुणी बसत नाही. मेथी निवडणाऱ्या बाईशेजारी मात्र बसतात, आणि बसल्या की आपोआप जुडीला हात घालतात. पहिले काही दिवस एकट्याच बसाल. बसा.

आणि तुमच्या जुन्या पॅसेजमधल्या बायका, त्यांच्यासाठी भिशी लावा. पाचशे रुपयांची, त्याहून मोठी नको, पैशानं नाती तुटायला वेळ लागत नाही. नुसतं "भेटत जाऊ गं" म्हटलं की कुणी येत नाही, गुडघे दुखतात, नातवंडांची शाळा असते. हप्ता भरायचा असला की गुडघ्यांसकट येतात. भिशी दर महिन्याला वेगळ्या मजल्यावर ठेवा आणि जिच्या घरी असेल तिनं आपल्या मजल्यावरची एक नवी बाई बोलवायची, असा नियम करा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचं निमित्त असतंच. तेव्हा विधवा बायकांनाही बोलवा. त्यांना वगळून केलेल्या कार्यक्रमाला मी जात नाही, तुम्हीही तसा करू नका.

एक काम मात्र या आठवड्यातच उरका. तुमच्या मजल्यावर आणि वरच्या-खालच्या मजल्यावर दिवसा घरी कोण असतं, कुणाला दम्याचा पंप लागतो, कुणाला इन्सुलिन, कुणाची मुलं कामावर लांब आहेत, ते एका वहीत फोन नंबरांसह लिहून काढा. चौतीस मजले चढून डॉक्टर येईपर्यंत शेजारीच लागतो. लिफ्ट बंद पडली तर मुलगा खालीच अडकेल, समोरची बाई मात्र चार पावलांवर असेल. घराची जादा किल्ली कुणाकडे द्यायची तेही यातूनच ठरेल. आणि असं काम घेऊन गेलात की बेल वाजवायला संकोचही वाटत नाही, माझ्या हातात रजिस्टर असायचं तसं.

प्रश्न : मी नांदेडचा, वय २६. पुण्यात वाकडला एका सोसायटीत आम्ही तिघं मित्र भाड्यानं राहतो. घरमालक परदेशात. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भाडेकरूंना घेत नाहीत. गणपतीची वर्गणी घेतली, आरतीला कुणी बोलावलं नाही. लिफ्टमध्ये 'नमस्कार' म्हटलं तरी लोक मजल्यांचे आकडे बघतात. 'बॅचलर' म्हणजे गुन्हेगार का?
— एक भाडेकरू

उत्तर : बाळा, आधी हिशेबाचं. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी त्याच्याकडून ना-भोगवटा शुल्क घेऊ शकते. १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपलीकडे जात नाही, आणि आकारणी मालकावर असते. भाडेकरू सभासद नसतो, म्हणून सर्वसाधारण सभेत तुला मत नाही. हे खरं आहे, तेव्हा त्या दारावर धडका मारू नकोस.

आरतीला बोलावणं लागत नाही. सार्वजनिक गणपती आहे, आठ वाजता टाळ घेऊन उभा राहा. पण खरी जागा आरतीत नाही, ती शेवटच्या दिवसानंतर असते. मांडव घालायला पन्नास जण येतात, काढायला चार. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तिघंही खाली उतरा, माळा गुंडाळा, खुर्च्या रचा, निर्माल्य वेगळं करा. तिथे जे चार जण असतील, तेच सोसायटी चालवतात. कमिटीत नाव असलेले नव्हेत, खुर्च्या मोजणारे. पुढच्या वेळी ग्रुपवर तुला तेच घेतील, आणि नाही घेतलं तरी लिफ्टमध्ये नावानं हाक मारतील.

समोरच्या दारी तिघं मिळून जा. नावं, गावं, कुठे नोकरी करता, फोन नंबर, सगळं एका कागदावर लिहून द्या. शनिवारी मित्र येणार असतील तर शुक्रवारीच सांगा आणि म्हणा, "आवाज झाला तर मला फोन करा, सेक्रेटरींना नको." अनोळखी पोरांची भीती वाटते, ओळखीच्या पोरांचा राग येतो. राग परवडतो. दारातली चपलांची रास मात्र आत घ्या, ती बघूनच निम्म्या काकू मत बनवतात. वॉचमनला त्याचं गाव विचारलंस का? विचार. तुमच्या मराठवाड्यातलाच निघाला तर नवल नाही.

काही लोक तरीही आकडेच बघतील. पोलिओच्या फेरीत आम्ही दारावर खडूनं खूण करायचो. घरातल्या सगळ्या मुलांना डोस झाला की 'पी', राहिला असेल तर 'एक्स'. एक्स म्हणजे पुन्हा जायचं, एवढाच अर्थ. त्या घरातल्या माणसांबद्दल आम्ही काही मत बनवायचो नाही. बनवलं असतं तर दुसऱ्यांदा बेल वाजवायला हातच उचलला नसता.

प्रश्न : माझी गोष्ट उलटी आहे. शेजारच्या काकूंकडे आमची जादा किल्ली असते. त्या केव्हाही दार उघडून आत येतात. परवा मी न्हाणीघरात असताना स्वयंपाकघरात येऊन भाजीची चव बघत होत्या. दुखवायचं नाहीये, पण...
— वैतागलेली, नाशिक

उत्तर : भाजीत मीठ कमी होतं का, ते सांगितलं की नाही त्यांनी?

किल्ली काढून घेऊ नका, अडीअडचणीला तीच लागेल. आतून कडी लावा. किल्लीनं कडी उघडत नाही, आणि पहिल्या दोन-तीन वेळा बेल वाजवावी लागली की तीच सवय होते. शिवाय रोज चार वाजता तुम्हीच त्यांना चहाला हाक मारा. एकट्या राहत असतील तर दिवसभर त्यांना त्या चारचीच वाट असेल, आणि वेळ ठरली की अवेळी येणं कमी होतं. तरी आल्याच, तर स्पष्ट बोला. "काकू, मी अंघोळीला असते, घाबरायला होतं." एवढंच, हसत, आणि हातात चहाचा कप देऊन. रुसतील दोन दिवस. तिसऱ्या दिवशी तुम्हीच जाऊन कोथिंबीर मागा.