रेनस्टाइगवर निघण्याआधी

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझा बेत वाचला. सेमिस्टर संपल्यावर दहा दिवस हाताशी आहेत आणि त्यात ब्लॅक फॉरेस्ट, हार्त्स, बव्हेरिया सगळंच बसवायचं आहे. माझं ऐकशील तर तिन्ही सोड. जर्मनीतल्याच थुरिंगियाच्या जंगलात रेनस्टाइग नावाची एकच वाट आहे, साधारण 170 किलोमीटरची. आयझेनाखजवळच्या हॉर्शेल गावातून निघते आणि ब्लांकेनश्टाइनला संपते. ती एक वाट पूर्ण चाल.

एकच का, ते सांगतो. आपल्याकडे ट्रेक म्हणजे रात्रीची गाडी, पहाटे चढाई, गडावर फोटो आणि रविवारी रात्री घरी. रेनस्टाइगवर माथा पहिल्या दिवशीच हाती येतो आणि मग आठवडाभर त्या माथ्यावरूनच चालायचं असतं. वाटेवरचा सर्वांत उंच भाग हजार मीटरसुद्धा नाही. धाप लागण्यासारखं फारसं काही नसतं, त्यामुळे दोन दिवसांनी डोळे आणि कान कामाला लागतात. निम्म्यात सोडून दुसरीकडे पळणाऱ्याला ते दिवस मिळतच नाहीत.

झाडांवर पांढऱ्या रंगातलं 'आर' अक्षर दिसेल, तीच खूण. पण मला जास्त जीव लावला तो सीमेच्या दगडांनी. ही वाट शेकडो वर्षं छोट्या छोट्या संस्थानांची हद्द होती, आणि कडेला अजून हजाराहून अधिक जुने दगड उभे आहेत. शेवाळावरून बोट फिरवलं की खाली कोरलेली अक्षरं लागतात; एका बाजूला एका राज्याची, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याची. जिथे तीन राज्यं भिडत, तिथल्या दगडाला तीन बाजू. त्या प्रत्येकापाशी थांब. झीगमुंड्सबुर्गजवळ तर 1906 साली उभारलेला एक दगड आहे, तिथून पाणी तीन दिशांना जातं: ऱ्हाइनकडे, वेझरकडे आणि एल्बेकडे.

पुढे वाट काही किलोमीटर बव्हेरियात शिरते. जर्मनीची फाळणी होती तेव्हा पूर्वेकडच्या चालणाऱ्याला तिथवर जाताच येत नसे. सगळी वाट पुन्हा सलग खुली झाली ती 1990 मध्ये. ब्रेनर्सग्र्यूनच्या आसपास वाटेत साठी-सत्तरीची माणसं भेटली तर घाई करू नकोस, तुझी जर्मन मोडकी असली तरी बोल. ज्यांच्या तरुणपणी ही वाट मध्येच तुटलेली होती, त्यांच्या तोंडून ती ऐकायला मिळणं फार मोलाचं आहे. इथे चालणारे भेटले की नमस्कारासारखं एकमेकांना 'गुट रुन्स्ट' म्हणतात, तेवढं पाठ करून जा.

आता पोटाचं. गावं बहुतेक माथ्याच्या खाली, दोन्ही उतारांवर आहेत. म्हणजे मुक्कामाला उतरायचं आणि सकाळी तेवढंच चढायचं. दिवसाच्या हिशेबात हे अंतर धर. वीस-बावीस किलोमीटरच्या वर जाऊ नकोस, आठ दिवस लागू देत. माझ्या पहिल्या खेपेला मी सत्तावीस किलोमीटर चालून सोमवारी संध्याकाळी एका गावात उतरलो. गावात एकच खानावळ, आणि दारावर 'रूहेटाग', म्हणजे आठवड्याच्या सुट्टीची पाटी. बेकरी केव्हाच बंद झालेली. मी उतरलो होतो त्या पेन्शनच्या, म्हणजे घरगुती लॉजच्या, मालकीणबाईंनी न विचारता बटाटे उकडून वर लोणी घातलं, आणि मीठ पुढे सरकवलं. ती चव अजून जिभेवर आहे, पण तसं कुणाच्या दयेवर राहू नकोस. प्रत्येक मुक्कामी आदल्या दिवशी फोन कर, खानावळ उघडी आहे का ते विचार, आणि रविवारचं खाणं शनिवारीच घेऊन ठेव, कारण रविवारी दुकानं बंद. माथ्यावर झरे भरवशाचे नाहीत, म्हणून दोन लिटर पाणी पाठीवर हवंच. थोडे युरो रोख जवळ असू देत.

तू मांसाहार करत नाहीस, म्हणून सांगतो: तिथले क्लोस, कच्च्या किसलेल्या आणि उकडलेल्या बटाट्यांचे मुठीएवढे गोळे, नक्की खा. आत तळलेल्या पावाचे तुकडे दडवलेले असतात. फक्त वरचा रस्सा बहुधा मांसाचा असतो, मशरूमचा मिळेल का ते आधी विचार.

एका गोष्टीत मात्र माझं काही चालू देऊ नकोस, डॉक्टरांचं ऐक. गवतात गोचीड असतात. त्यांच्यामुळे होणाऱ्या मेंदूज्वरावर लस आहे, पण तिचे डोस अंतराने घ्यावे लागतात, म्हणून आत्ताच चौकशी कर. लाइम नावाच्या दुसऱ्या आजारावर तशी लस मिळत नाही. रोज संध्याकाळी अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, कमरेला नीट बघ. चावल्या जागी लाल वर्तुळ पसरत गेलं तर वाट बघू नकोस, लगेच डॉक्टरांकडे जा.

शेवटच्या दोन दिवसांत तुला वाईट वाटेल, ते आधी सांगून ठेवतो. स्प्रूस या सूचीपर्णी झाडाची एकसारखी लावलेली जंगलं 2018 पासूनच्या कोरड्या उन्हाळ्यांत तहानली आणि सालीखालच्या भुंग्यांनी ती पोखरली. डोंगरच्या डोंगर उघडे पडलेत. पडलेल्या सालीचा तुकडा उलटून बघ, आतल्या बाजूला अळ्यांनी कोरलेल्या बारीक वाटा दिसतील. मला तिथे बसून राहावंसं वाटलं होतं. पण खाली वाकलास तर बुंध्यांच्या मधे बर्च आणि रोवनची रोपं दिसतील, आपोआप आलेली. वाऱ्याच्या दिवशी उभ्या वाळक्या झाडांखाली मात्र थांबू नकोस, आणि कडेला रचलेल्या ओंडक्यांवर चढू नकोस, ते घरंगळतात.

मे संपता संपता निघ. हॉर्शेलला वेरा नदीतून एक खडा उचलायचा आणि ब्लांकेनश्टाइनला झेल्बित्समध्ये टाकायचा अशी रीत आहे. खडा सुपारीएवढाच घे, आणि पँटच्या खिशात ठेव, सॅकमध्ये नको. चालताना हाताला लागत राहतो.

तारीख ठरली की कळव. माझा जुना नकाशा पोस्टाने पाठवतो, मुक्कामांवर पेन्सिलीच्या खुणा आहेत.

तुझा
काका