2018 चा ट्रक आणि 38 हजारांचा व्हॉल्व्ह

गोव्यातल्या डिचोलीचे एक ट्रकमालक विचारतात: खडी आणि चिरे वाहणारा माझा 2018 चा बीएस-4 ट्रक आहे, हप्ते फिटलेत. चढणीला ओढ राहिली नाही, काळा धूर येतो, चेक लाइट पेटलाय. ईजीआर व्हॉल्व्ह (इंजिनाचा थोडा धूर परत आत सोडणारी झडप) बदलायचे गॅरेजवाला 38 हजार सांगतो, साफ करायचे 4 हजार. दुसरा म्हणतो, अडीच हजारात पत्रा मारून ईजीआर बंदच करतो. जवळ 2 लाखांची एफडी आहे. ती मोडू, की ट्रकच काढून टाकू?

ट्रकची किंमत काय उरलीय ते तूर्त सोडा, डिझेलचं बिल काढा. तुम्हीच लिहिलंय की गाडी लिटरला 4.3 किलोमीटर द्यायची, आता 3.8 देते. महिन्याला 3,000 किलोमीटर म्हणजे 92 लिटर जादा. लिटरला 90 रुपये धरले तर सव्वाआठ हजार. पाच महिन्यांत व्हॉल्व्हचे पैसे सुटले!

हा हिशेब मला जरा जास्तच गोड वाटतो. ॲव्हरेज एकट्या ईजीआरने पाडलं हे ठरवलं कोणी? ईजीआर इंजिनाचा थोडा धूर परत आत घेतो, त्यामुळे ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात. काजळी बसून व्हॉल्व्ह उघडा अडकला की इंजिन गुदमरतं. पण इंजेक्टर बिघडला किंवा टर्बोचा होज फाटला तरी लक्षणं हीच. आणि काजळी इंजेक्टरच करत असेल, तर नवा व्हॉल्व्हही लवकरच भरेल. म्हणून आधी स्कॅनर लावा, होज बघा, 4 हजारांत व्हॉल्व्ह साफ करून घ्या आणि दोन टाक्या डिझेल मोजून जाळा. ॲव्हरेज 4.2 च्या आसपास आलं तर 34 हजार वाचले. थोडे दिवस बरं चालून पुन्हा बसलं तर बेलाशक नवा घाला.

पत्र्याबद्दल. पीयूसी मिळेल, असं तो सांगत असेल तर खोटं नाही. डिझेल गाडीचा फक्त धूर मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड नाही. पण ते बेकायदा आहे, आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, ते कळतं. लाइट पेटती राहते, काही इंजिनं ताकदही कमी करतात. प्रदूषणाच्या नियमभंगाला 10 हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबन होऊ शकतं. गाडी तुम्ही स्वतः चालवता, तेव्हा दंड परवडला, ते तीन महिने नाही परवडणार. आठ वर्षं झाली की फिटनेसही दरवर्षी.

विकायचं असेल तरी धूर ओकणारा ट्रक घेऊन जाऊ नका. गिऱ्हाईक 38 नाही, 80 हजार कापून मागेल.

एफडी मोडू नका. तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ती तारण ठेवून लागतील तेवढेच पैसे उचला. व्याज एफडीच्या दराहून साधारण एक-दोन टक्के जास्त, तेही वापरलेल्या रकमेवर आणि तेवढ्याच दिवसांचं. ‘खर्च दाखवून कर वाचेल’ या भरवशावर मात्र राहू नका. तुम्ही अनुमानित उत्पन्नाने, म्हणजे नियमाने ठरलेलं उत्पन्न धरून, रिटर्न भरता, त्यात दुरुस्तीची वेगळी वजावट नसते.

काम पावसातच उरका, फेऱ्या तशाही कमी असतात. गणेशचतुर्थीनंतर गाडी कामाला मोकळी हवी. नवा व्हॉल्व्ह घातलाच तर बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या, वॉरंटीला लागेल.