मसाल्याचं युनिट, ईआरपीनेक्स्ट आणि शॉपिफाय: 'रिअल टाइम सिंक'च्या आधी स्टॉकचं बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मसाल्याचं युनिट आहे, खरेदी-उत्पादन-स्टॉक-बिलं सगळं ईआरपीनेक्स्टवर (धंद्याचा सगळा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर, पुढे नुसतं ईआरपी), ऑनलाइन दुकान शॉपिफायवर, ऑर्डर आली की ऑफिसात कुणीतरी ती परत हाताने टाकतं, आणि आता एक डेव्हलपर म्हणतोय दोन्ही बाजूंनी रिअल टाइम सिंक करून देतो, म्हणजे एकीकडचा बदल लगेच दुसरीकडे. हो म्हणावं का?

दोन्ही बाजूंनी सगळं, याला तर सरळ नाही म्हणा. भाव इकडे बदलला की तिकडचा पुसला जाणार, तिकडे कुणी ऑफर लावली की इकडचा, आणि मग कुणी बदलला यावरून ऑफिसात वाद. प्रत्येक गोष्टीचा मालक एकच ठेवा. आयटम, भाव, एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा कोड), स्टॉक हे ईआरपीचं. फोटो, वर्णन, कूपन आणि गिऱ्हाइकाची ऑर्डर हे शॉपिफायचं. ऑर्डर आत येईल, स्टॉक बाहेर जाईल, बास. आणि शून्यापासून कोड लिहायचे पैसे देऊ नका, ईआरपीनेक्स्ट बनवणाऱ्या मुंबईच्या फ्रापेचंच 'ईकॉमर्स इंटिग्रेशन्स' नावाचं ओपन सोर्स ॲप आहे, त्यात शॉपिफाय आहे. पैसे घालवायचेच तर आयटम मास्टर (ईआरपीतली मालाची यादी) साफ करण्यात घालवा, कारण शॉपिफाय एकच एसकेयू (दुकानातला मालाचा कोड) दोन व्हेरियंटना, म्हणजे पाकिटाच्या दोन साइझना, दिला तरी अडवत नाही, आणि मग २०० ग्रॅमच्या ऑर्डरीला ५०० ग्रॅमचं पाकीट वजा होत राहतं. ईआरपीचा आयटम कोड आणि दुकानातला एसकेयू अक्षरशः सारखा ठेवा, मधली स्पेससुद्धा चालायची नाही.

आता खरा मुद्दा, स्टॉकचा. गोडाऊनमध्ये किती माल आहे आणि ऑनलाइन विकायला किती आहे हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि ट्रेडिंगवाल्यापेक्षा बनवणाऱ्याकडे हा फरक फार मोठा असतो. सुटा कांदा-लसूण मसाला ४०० किलो पडलाय म्हणून २०० ग्रॅमची २००० पाकिटं तयार आहेत असं होत नाही, तोच मसाला एक किलोच्या पाऊचमध्येही जाऊ शकतो. जी पाकिटं भरलीत त्यातली निम्मी दुपारी डिस्ट्रिब्युटरची गाडी घेऊन जाते, आणि ते बिल संध्याकाळी बनतं (सगळीकडे असंच चालतं, लाजायचं कारण नाही). मग सिंक सेकंदाला केलं तरी दुकानात चुकीचाच आकडा जाणार, फक्त पटकन जाणार.

म्हणून ईआरपीत 'ऑनलाइन' नावाचं वेगळं वेअरहाऊस, म्हणजे स्टॉकचं वेगळं खातं, काढा, रोज सकाळी स्टॉक एन्ट्रीने तिथे पाकिटं हलवा, आणि शॉपिफायच्या लोकेशनला फक्त तेच वेअरहाऊस मॅप करा, म्हणजे जोडा. जागाही वेगळी ठेवा, एक रॅक पुरतो, पण डिस्ट्रिब्युटरच्या मालासाठी कुणी त्याला हात लावायचा नाही. असं केलं की अर्ध्या तासाने सिंक झालं तरी चालतं, कारण त्या साठ्यातून ऑनलाइनशिवाय कुणी उचलतच नाही, आणि रिअल टाइमचा खर्च आपोआप वाचतो.

याच वेअरहाऊसमुळे एक्सपायरीचंही सुटतं. ऑनलाइन विकलेलं खाद्यपदार्थाचं पाकीट गिऱ्हाइकाच्या हातात पडताना ३० टक्के शेल्फ लाइफ किंवा एक्सपायरीला ४५ दिवस शिल्लक पाहिजेत, असं एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षेच्या सरकारी प्राधिकरणाचं) म्हणणं आहे. त्या हद्दीजवळ आलेली बॅच 'ऑनलाइन'मधून बाहेर हलवली की दुकानातून आपोआप कमी होते. कुरिअरचे दिवस धरून थोडं आधीच हलवा.

दिवाळीचे कॉम्बो करणार असाल तर ईआरपीत प्रॉडक्ट बंडल (अनेक आयटम एका नावाखाली) करत बसू नका, बंडलला स्वतःचा स्टॉक नसतो. बीओएम (कशात काय किती लागतं त्याची यादी) लावून वेगळा आयटम करा आणि खरोखर पॅक करून ठेवा.

बिलाचं थोडक्यात. दुकानातला भाव जीएसटीसह असतो, म्हणजे २१० चं पाकीट ५ टक्क्यांनी २०० अधिक १०. मॅपिंगमध्ये टॅक्स वरून लागला तर २२०.५० चं बिल तयार होतं आणि पैसे आलेत २१०. कूपन लावलेली एक ऑर्डर मुद्दाम तपासा. डिलिव्हरी आपल्याच राज्यात, सांगलीत, असेल तर सीजीएसटी-एसजीएसटी, राज्याबाहेर, बेळगावात, असेल तर आयजीएसटी, तेव्हा पत्त्यातलं राज्य नीट आत आलं पाहिजे. शॉपिफायचा ऑर्डर नंबर हाच इनव्हॉइस नंबर करू नका, ऑनलाइनची वेगळी सलग सिरीज ठेवा, १६ अक्षरांच्या आत.

पेमेंट गेटवेवाला (ऑनलाइन पैसे घेणारी कंपनी) स्वतःची फी आणि त्यावरचा जीएसटी कापून अनेक ऑर्डरींचे पैसे एकत्र टाकतो, म्हणून ऑर्डरीचं पेमेंट थेट बँक खात्यावर दाखवू नका, मध्ये एक क्लिअरिंग लेजर (येणं बाकी असलेल्या पैशांचं तात्पुरतं खातं) ठेवा आणि सेटलमेंट रिपोर्ट आला की ते शून्य करा. सीओडीला (माल हातात पडल्यावर पैसे) कुरिअर कंपनीचं वेगळं लेजर. परत आलेलं पाकीट तपासल्याशिवाय 'ऑनलाइन'मध्ये घ्यायचं नाही, आधी 'रिटर्न' वेअरहाऊस, मग बघू.

डेव्हलपरला दोन गोष्टी नक्की विचारा. शॉपिफायचा वेबहूक (ऑर्डर आली की आपल्या सर्व्हरला आपोआप येणारा निरोप) कधीकधी एकाच ऑर्डरीसाठी दोनदा येतो, तेव्हा ऑर्डर आयडी आधी आहे का हे बघूनच नवी एन्ट्री करतोस ना? आणि पाच सेकंदांत उत्तर मिळालं नाही तर शॉपिफाय तो फेल धरतं, मग आपला सर्व्हर रात्री बंद असला आणि ऑर्डरी हुकल्या तर? त्यासाठी रोज पहाटे मागच्या दोन दिवसांच्या ऑर्डरी परत ओढून ईआरपीशी ताडून बघणारा, आपोआप चालणारा जॉब पाहिजे, आणि जुळलं नाही तर मेल अकाउंटंटला गेला पाहिजे, डेव्हलपरला नाही.

सुरुवात प्रीपेड आणि खपणाऱ्या चार-पाच एसकेयूंवर करा, हाताने टाकणंही महिनाभर बाजूला चालू राहू द्या, आणि सणाच्या तोंडावर तर अजिबात चालू करू नका. ईआरपीनेक्स्टचं वर्जन कुठलं आहे ते लिहा, १३ च्या आतलं असेल तर आधी अपग्रेडचं बघावं लागेल.