उत्क्रांतीचं सिम्युलेशन लिहिण्याआधी काय वाचावं?

थेट जेनेटिक अल्गोरिदमच्या (उत्क्रांतीची नक्कल करून प्रश्न सोडवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) पुस्तकापासून सुरुवात करू नका, हे माझं आग्रहाचं सांगणं. तिथे उत्क्रांती हे उत्तर शोधायचं साधन असतं. तुम्हाला तर उत्क्रांतीच समजून घ्यायची आहे. आधी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांचं 'द ब्लाइंड वॉचमेकर' (१९८६) घ्या. त्यातला मोकळ्या जागा धरून २८ अक्षरांचं वाक्य यादृच्छिक बदल आणि निवडीतून जुळवणारा प्रोग्रॅम एका संध्याकाळी लिहून होतो. मात्र त्यात लक्ष्य आधीच ठरलेलं आहे, निसर्गात तसं नसतं. लेखकानेही ते तिथेच बजावलंय.

मग पॉप्युलेशन जेनेटिक्सचं (जीवसमूहातल्या जनुकांचं प्रमाण कसं बदलतं त्या शास्त्राचं) एखादं प्राथमिक पुस्तक घ्या आणि राइट-फिशर मॉडेलचं (प्रत्येक नवी पिढी आधीच्या पिढीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली जाते, त्याचं) प्रकरण कागद-पेन्सिल घेऊन सावकाश वाचा. बरेच नवखे नैसर्गिक निवडीवरच थांबतात आणि निव्वळ योगायोगाने होणारा बदल, म्हणजे जेनेटिक ड्रिफ्ट, निसटून जातो. कायम १०० राहणाऱ्या जीवांत १० 'अ' प्रकारचे ठेवा, निवड आणि उत्परिवर्तन बंद करा, प्रोग्रॅम १००० वेळा चालवा. सुरुवातीला 'अ' १० टक्के होते, म्हणून साधारण १०० वेळा शेवटी सगळेच 'अ' उरायला हवेत. तसं होत नसेल तर कोड तपासा. तोवर निवडीचा भाग जोडूच नका.

जीवांमधल्या सहकार्य-संघर्षात रस असेल तर जीवशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड स्मिथ यांचं 'इव्होल्यूशन अँड द थिअरी ऑफ गेम्स' (१९८२) उत्तम. गणित जड गेलं तर आधी रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांचं 'द इव्होल्यूशन ऑफ कोऑपरेशन' वाचा.