वाण नाही पण गुण लागला

सांगलीच्या विश्रामबाग भागातील एका वाचकांकडे झेब्रा फिंच या पिंजऱ्यात पाळायच्या छोट्या पाखराची करड्या रंगाची जोडी आहे आणि तिला परवा एक पांढरे पिल्लू झाले. दुकानदाराने ते पाहून ‘ही अल्बिनो जात आहे, दर दुप्पट’ असे सांगितले. वेगळ्या रंगाच्या अशा पाखराला मराठीत ‘जात’ म्हणावे का, आणि म्हणू नये तर काय म्हणावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

‘जात’ मुळीच म्हणू नये. करडा, भुरा, कबरा, पांढरा हे सगळे झेब्रा फिंच एकाच जातीचे. एका घरट्यातल्या सख्ख्या भावंडांच्या दोन जाती कशा होतील? ‘उत्परिवर्तन’ हा पारिभाषिक शब्द जनुकात घडलेल्या बदलासाठी ठीक आहे, परंतु पिंजऱ्यात राळे टिपत बसलेल्या पाखराकडे बोट दाखवून ‘हे उत्परिवर्तन पाहा’ असे कोणीही म्हणणार नाही. त्यासाठी ‘वाण’ आहे. हळदीचा ‘सेलम वाण’ रोज तोंडात असलेल्या सांगलीकरांना तो मला शिकवावा लागू नये.

संक्रांतीला लुटतात ते वाण निराळे, ते ‘वायन’ या शब्दापासून आले. त्याला येथे बाजूला ठेवू. आपला वाण संस्कृत ‘वर्ण’ आणि प्राकृत ‘वण्ण’ या वाटेने आलेला आहे. आता कर्णाचा कान झाला, पर्णाचे पान झाले, त्या न्यायाने वर्णाचा ‘वान’ व्हायला हवा होता. तसा तो झालाही. आटपाडी, माण, जत या भागांत कोणी ‘वाघावानी’ किंवा ‘माझ्यावानी’ म्हणाले की शिकलेली माणसे ‘सारखा’ म्हणा असे सुचवतात. पण माझ्या मते त्या ‘वानी’मध्ये हाच जुना वान जिवंत आहे, आणि वाघावानी म्हणजे मुळात वाघाच्या रंगाचा, त्यावरून वाघासारखा. काही पंडित ‘वानी’चे मूळ संस्कृत ‘वत्’ प्रत्ययात शोधतात. मग त्यातला ‘न’ कोठून आला, हे त्यांनी सांगावे. त्यांच्या पुस्तकात मला ते सापडले नाही. ‘दीनवाणा’ आणि ‘केविलवाणा’ यांच्यातला ‘वाणा’ही मी याच घराण्यात बसवतो, आणि प्रमाण मराठीतल्या ‘वाण’चा ‘ण’ मूळ वर्णाच्या ओढीने मागाहून आला असावा असे मानतो. म्हणजे ‘वान न्हाई पन गुन लागला’ म्हणणारा शेतकरी निदान पहिल्या शब्दापुरता तरी शुद्ध बोलतो.

या म्हणीचे हाल ऐकवत नाहीत. एका सभेत वक्त्यांनी ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण सांगून वाण म्हणजे ‘वानवा’, म्हणजे उणीव, असा खुलासा केला आणि श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. ढवळा म्हणजे धवल, पांढरा बैल; पवळा म्हणजे पोवळ्याच्या रंगाचा, तांबूस. पांढऱ्याशेजारी बांधून तांबडा बैल पांढरा होत नाही, पण त्याच्या खोडी मात्र उचलतो, एवढा सरळ अर्थ आहे. खरसुंडीच्या बाजारात खिल्लार बैल पारखणाऱ्या कोणालाही तो विचारावा.

आणि ही म्हण झेब्रा फिंचला बैलापेक्षाही नेमकी लागू पडते. या पाखराचा वाण जन्मतः ठरतो, त्याचे गाणे मात्र नराला शिकावे लागते, आणि ते तो लहानपणी बापाजवळ शिकतो. जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस इमेलमान यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनुसार, बंगाली फिंच या दुसऱ्या जातीच्या पाखरांच्या जोडीने वाढवलेला झेब्रा फिंचचा नर त्या पालक बापाचे गाणे गाऊ लागतो. अंगावरचे एक पीस बदलत नाही, गळा मात्र बदलतो.

राहिले वाचकांचे पिल्लू. ‘अल्बिनो’ हा शब्द पांढऱ्या रंगाचा नव्हे, रंजकद्रव्य नसण्याचा आहे. तसे पाखरू मोठे झाल्यावरही त्याचे डोळे लालच राहतात. डोळे काळे आणि अंगावर एकही खूण नसेल तर तो साधा पांढरा वाण, आणि त्याचे जनुक आई व बाप या दोघांकडूनही आलेले असते. पिसे फुटल्यावर चोचीजवळची अश्रूसारखी उभी रेघ आणि शेपटीवरचे पट्टे पुसट का होईना दिसत असतील, तर तो निराळा पांढरा वाण, ज्याच्या नराच्या गालांचा नारिंगी आणि कुशीचा तांबूस रंग कायम राहतो. हे जनुक लिंगगुणसूत्रावर, म्हणजे नर की मादी हे ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असते, त्यामुळे करड्या जोडीच्या घरट्यात हा वाण निघाला तर ती मादीच असते आणि तो तिला बापाकडून आलेला असतो. भुऱ्या वाणाचेही असेच आहे. तेव्हा दुप्पट दराची बोलणी करण्यापूर्वी पिल्लाला उजेडात धरून त्याचे डोळे पाहावेत.