टायटसव्हिलला (पेनसिल्व्हेनिया) एकच दिवस असेल तर ड्रेक वेल म्युझियम बघावं की ऑइल सिटीचं?

ड्रेक वेलच बघा. एडविन ड्रेक या माणसाला तेलासाठी छिद्र पाडताना २७ ऑगस्ट १८५९ रोजी ६९.५ फुटांवर तेल लागलं ती विहीर याच आवारात, ऑइल क्रीकच्या काठी आहे. इतिहास इथे बोर्डावर वाचावा लागत नाही, यंत्रं समोर असतात. एका इंजिनाला लांब दांडे जोडून दूरदूरचे पंप हलवायची पद्धत नीट बघा, मला तर तीच विहिरीपेक्षा भारी वाटते. ड्रेकची खरी करामतही इथेच कळते: खड्ड्यात पाणी शिरून माती ढासळायची, म्हणून त्याने ३२ फुटांवरच्या खडकापर्यंत लोखंडी पाइप ठोकला आणि त्याच्या आतून छिद्र पाडलं. गड्याने पेटंट मात्र घेतलं नाही! एवढंच लक्षात ठेवा, की विहिरीवरची लाकडी इमारत प्रतिकृती आहे, मूळची ऑक्टोबर १८५९ मध्येच जळाली. शिवाय ‘जगातली पहिली तेलविहीर’ हे शब्दशः घेऊ नका, बाकूला (आताच्या अझरबैजानमध्ये) त्याआधी दहाएक वर्षं तेलासाठी छिद्र पाडलं होतं. वेळ उरलाच तर ऑइल सिटीपेक्षा पिटहोलला जा. १८६५ मध्ये काही महिन्यांत हजारोंनी भरलेलं ते गाव, आता नुसतं गवत.