मान धरून बसू नका

ताई, चक्कर येऊन घर फिरते म्हणून तुम्ही मान ताठ धरून चालता. मीही तेच करत होते. पण तीच मान हलवायची आहे. आतल्या कानाचा तोल गेला की मेंदू डोळ्यांच्या आणि पावलांच्या आधाराने नव्याने शिकतो, आणि डोके हलल्याशिवाय त्याला शिकायला काही मिळत नाही.

भिंतीवर एक अक्षर चिकटवा. नजर त्यावरच ठेवून मान डावी-उजवीकडे हलवा, एकेक मिनिट. अक्षर पुसट होऊ लागले की वेग किंचित कमी करा. दिवसातून 3 ते 5 वेळा करा, हळूहळू दिवसभराचे मिळून 20 मिनिटांपर्यंत न्या. थोडी गरगर येणारच. चक्करीच्या गोळ्या जास्त दिवस घेत राहिलात तर हे शिकणे मंदावते, म्हणून त्या कधी थांबवायच्या ते डॉक्टरांना विचारा.

पणजीच्या मिरामार किनाऱ्यावरची वाळू एवढ्यात नको! मऊ वाळूत पावलांना जमीन कळत नाही, आणि तिन्हीसांजेला डोळेही साथ सोडतात. मी घाई केली आणि पडले. आधी घराच्या कोपऱ्यात, समोर खुर्ची ठेवून, पाय जुळवून उभ्या राहा. समुद्रात एकट्याने तर मुळीच नको, पाण्याखाली वर कुठे नि खाली कुठे तेच समजत नाही.

मांडवी नदी ओलांडणारी बेतीची फेरीबोट नंतर, कठडा धरून.